पुरलेलें पाप

वाचावयाचा शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय ३७ व ४२



पुढील मजकूर वाचण्यापूर्वीं वरील दोन अध्याय घरांतील सर्वांनीं मिळून वाचावे, अशी आमची विनंति आहे. ज्या घरीं कोणास वाचतां येत नाहीं तेथें उपदेशकानें ते वाचून दाखवावे. पहिल्या अध्यायांत भाऊच आपल्या सतरा वर्षांच्या भावास विकतात, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तांत बुचकळतात, आणि तो म्हाताऱ्या बापापुढें पाठवून गप्प बसतात. दुसऱ्या अध्यायांत सुमारें वीस वर्षें लोटलेलीं आहेत. ते धान्यासाठीं मिसर देशांत आले आहेत, त्यांच्यावर संकट ओढवलें आहे. आणि त्या भावाविषयीं कोणीं आरोप केला नसतां त्यांच्या तोंडून तीच जुनी गोष्ट निघते. मधल्या वीस वर्षांत त्यांनीं मेंढरें चारलीं, लेंकरें वाढविलीं, बापाच्या डोळ्यांतील पाणी रोज पाहिलें. परंतु भावानें केलेल्या काकुळतीचा आवाज त्यांच्या कानांतून गेला नव्हता.

ह्या जुन्या वृत्तांताशेजारीं आज आम्ही आपल्या काळांतील एक खरी गोष्ट ठेवीत आहों. ती दूर अमेरिकेंतील आहे. तरी आईचें काळीज सर्व देशांत एकच, आणि पाप लपविण्याची रीतही सर्व देशांत एकच; म्हणून ती आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनींही ऐकावी.

घडलेली गोष्ट

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत सेंट जोसेफ, म्हणजे संत योसेफ, ह्या नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें जेकब वेटरलिंग नांवाचा ११ वर्षांचा मुलगा राहत होता. जेकब म्हणजे आपल्या शास्त्रांतील याकोब. पवित्र शास्त्रांत याकोबाचा योसेफ हरवला; येथें योसेफाच्या नांवाच्या गांवांत याकोब हरवला.

ता. २२ आक्टोबर १९८९, रविवारची रात्र. जेकब, त्याचा १० वर्षांचा धाकटा भाऊ व एक ११ वर्षांचा मित्र असे तिघे दुकानांतून एक चित्रफीत घेऊन घराकडे परतत होते. आईबाप दुसऱ्या घरीं जेवावयास गेले होते, तरी मुलांनीं त्यांस विचारूनच पाऊल बाहेर टाकलें होतें. हातांत विजेरी होती. अंधाऱ्या रस्त्यावर तोंड झांकलेला एक मनुष्य पिस्तूल घेऊन आडवा आला. त्यानें तिघांस पालथें पडावयास लाविलें व त्यांचीं वयें विचारलीं. मग दोघांस एकामागून एक धमकावलें कीं, मागें न पाहतां रानाकडे पळा, नाहीं तर गोळी घालीन. दोघे पळाले. त्यांनीं वळून पाहिलें तेव्हां रस्त्यावर जेकबही नव्हता व तो मनुष्यही नव्हता.

पोलीस आले, शिपाई आले, शेजारचे लोक आले. शेतें, रानें व ओढे धुंडाळण्यांत आले. मुलगा सांपडला नाहीं. त्याच्या आईबापांनीं, पॅटी व जेरी वेटरलिंग ह्यांनीं, दार लावून घेऊन नुसता शोक केला नाहीं. १९९० सालीं त्यांनीं हरवलेल्या व संकटांत सांपडलेल्या मुलांसाठीं एक संस्था स्थापिली. १९९४ सालीं अमेरिकेच्या सरकारनें जेकबच्या नांवानें कायदा केला. त्या कायद्यानें मुलांवर अत्याचार करणाऱ्या गुन्हेगारांची नोंद ठेवणें प्रत्येक राज्यावर सोंपविण्यांत आलें. जेकबला घरची वाट दिसावी म्हणून दारांतील दिवा जळत ठेवण्याची रीत त्या भागांत पडली. असे दिवे कितीएक वर्षें जळत राहिले.

ता. २८ आक्टोबर २०१५ रोजीं, म्हणजे मुलगा नेल्यास २६ वर्षें होऊन गेल्यावर, डॅनी हाइनरिक नांवाच्या मनुष्यास अटक झाली. त्याच्या घराच्या झडतींत लहान मुलांचीं निंद्य चित्रें सांपडलीं होतीं. अटक त्या आरोपावरून होती. पुढें सरकारी वकिलांशीं ठराव होऊन, २०१६ च्या ऑगस्टच्या अखेरीस, त्यानें अधिकाऱ्यांस पेन्सव्हिल गांवाजवळच्या एका कुरणांत नेलें. तेथें मुलाचें जाकीट व अस्थि सांपडल्या. ता. ६ सप्टेंबर रोजीं त्यानें भर न्यायालयांत, मुलाच्या आईबापांच्या समक्ष, सर्व सांगितलें. जेकबला त्यानें त्याच रात्रीं ठार केलें होतें. दारांत दिवा ठेवून ज्याची वाट पाहिली, तो पहिल्या रात्रीपासूनच मातीखालीं होता.

ह्या गोष्टींतून आपण कोणते बोध घ्यावे?

पहिला बोध : दिवस लोटले म्हणून पाप जुनें होत नाहीं

हा मनुष्य कोठें परदेशीं पळून गेला नव्हता. तो त्याच भागांत राहत होता. १९८९ च्या डिसेंबरांतच पोलिसांनीं त्याची जबानी घेतली होती. १९९० च्या फेब्रुवारींत त्यास पकडून पुन्हा सोडलें होतें. पुढें वर्षामागून वर्षें गेलीं, आणि बाहेरून पाहणाऱ्यास वाटलें असतें कीं हें प्रकरण मिटलें.

परंतु त्यानें न्यायालयांत आणखी एक गोष्ट सांगितली. सुमारें एक वर्षानें तो पुरल्या जागीं परत गेला, तों मुलाचें जाकीट मातींतून वर आलेलें त्यास दिसलें. मग त्यानें अस्थि काढून दुसरीकडे पुरल्या. भावांनो, ह्यावर थोडें थांबून विचार करा. ज्यानें पुरलें त्यासच तें पुन्हा पुरावें लागलें. हाबेलाचें रक्त भूमीनें पिऊन घेतलें, तरी त्याची हांक देवापर्यंत गेली, असें उत्पत्तीच्या चवथ्या अध्यायांत आपण वाचतों. तीच ही हांक होय.

आपणांपैकीं पुष्कळांची समजूत अशी असते कीं, एखादें पाप दहा-वीस वर्षें कोणास कळलें नाहीं, म्हणजे देवानेंही तें सोडून दिलें. मनुष्यांच्या कायद्यास मुदत असते हें खरें. ह्याच मनुष्यानें जेकबच्या आधीं दुसऱ्या एका मुलावर केलेल्या अत्याचाराचा खटला मुदत संपल्यामुळें चालूं शकला नाहीं. पण देवाच्या न्यायासनापुढें मुदतीचा नियम नाहीं. तेथें गुन्हा जुना होत नाहीं. फक्त गुन्हेगार म्हातारा होतो.

दुसरा बोध : लेंकराचें बोलणें हलकें मानूं नये

उत्पत्तीच्या बेचाळिसाव्या अध्यायांत भाऊ जें कबूल करितात तें बारकाईनें पाहा. त्यांस सर्वांत अधिक काय बोंचतें? योसेफानें गयावया केली आणि आपण ऐकलें नाहीं, हें. रऊबेन तर म्हणतो कीं मीं तेव्हांच सांगितलें होतें, पण तुम्हीं कान दिला नाहीं. न ऐकणें हेंही पाप आहे, अशी त्यांची त्यांसच खूण पटली.

आतां मिनेसोटाकडे वळूं. जेकबला नेण्यापूर्वीं नऊ महिने, १९८९ च्या जानेवारींत, जवळच्या कोल्ड स्प्रिंग गांवांतून १२ वर्षांच्या एका मुलास एका मनुष्यानें गाडींत घालून नेलें, त्याच्यावर अत्याचार केला व त्यास सोडून दिलें. सोडतांना त्यासही त्यानें तीच धमकी दिली कीं, पळ, मागें पाहूं नको, नाहीं तर गोळी घालीन. त्याच्याही आधीं, १९८६ ते १९८८ च्या सुमारास, पेन्सव्हिल गांवांत अनेक मुलांवर एका अनोळखी मनुष्यानें हल्ले केले होते. त्यांतील कांहीं मुलांनीं वडील माणसांस व पोलिसांस सांगितलेंही होतें. धागे पुष्कळ होते; पण ते एकत्र विणणारा हात फार वर्षें पुढें आला नाहीं. २०१८ च्या सप्टेंबरांत तेथील शेरीफानें तपासाचीं हजारों पानें लोकांस खुलीं केलीं, आणि आरंभींच्या तपासांत काय काय चुकलें तें उघडपणें सांगितलें. आपल्या खात्याची लाज झांकून न ठेवणारा अधिकारी मानास पात्र आहे.

कोल्ड स्प्रिंगचा तो मुलगा मोठा झाल्यावर गप्प बसला नाहीं. तो आपलें नांव न लपवितां लोकांपुढें आला, आणि पेन्सव्हिलचे जे मुलगे आतां संसारी पुरुष झाले होते त्यांसही बोलण्याचें धैर्य आलें. २०१४ सालापासून तपास अधिकाऱ्यांनीं जुनीं दप्तरें नव्यानें पाहिलीं. त्या मुलाच्या अंगावरचे कपडे पोलिसांनीं जपून ठेविले होते. शरीराच्या अत्यंत सूक्ष्म अंशावरून मनुष्य ओळखण्याची जी विद्या आहे, जीस डी. एन. ए. परीक्षा म्हणतात, तिनें २०१५ सालीं त्या कपड्यांवरून हाइनरिकचें नांव निश्चित झालें, आणि त्याच्या घराची झडती घेण्यास आधार मिळाला. एका पीडित लेंकराची साक्ष २६ वर्षांनीं फळास आली.

आमच्या खेड्यांतील वडील मंडळींस आम्ही विचारतों : तुमच्या घरचें मूल जेव्हां सांगतें कीं अमक्यानें माझ्याशीं वाईट केलें, तेव्हां तुम्ही काय करितां? गप्प राहा, घराची अब्रू जाईल, असें म्हणतां काय? मनुष्य आपल्याच भावकींतला आहे, किंवा मंडळींत पुढें बसणारा आहे, म्हणून गोष्ट दडपतां काय? तर मग तुम्ही रऊबेनाचें न ऐकणाऱ्या भावांच्या पंगतीस बसलां आहां. अब्रू मुलाची जात नाहीं. अब्रू पाप करणाऱ्याची जाते, आणि तें पाप झांकणाऱ्याचीही जाते. ज्यानें लहानांस अडखळविणाऱ्याविषयीं इतक्या कठोर शब्दांत इशारा दिला, तो प्रभु मंडळीच्या खोट्या अब्रूचा रक्षक नाहीं.

येथें कायद्याचीही माहिती देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. लैंगिक अत्याचारापासून मुलांचें रक्षण करणारा जो कायदा आपल्या देशांत २०१२ सालीं झाला, ज्यास लोक पॉक्सो म्हणतात, त्याप्रमाणें असा गुन्हा ज्यास कळला त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविणें हा स्वतंत्र अपराध आहे. पाळक व उपदेशक ह्या नियमांतून सुटलेले नाहींत. मूल हरवल्यास त्याची फिर्याद पोलिसांनीं नोंदवून घेतलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. मुलांच्या साहाय्यासाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक रात्रंदिवस चालतो. तो शाळेच्या व उपासनामंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

तिसरा बोध : निरपराधावर बोट ठेवूं नये

योसेफाचा रक्तानें माखलेला झगा पाहून याकोबास वाटलें कीं हिंस्र पशूनें मुलास खाल्लें. झगा खरा होता, रक्तही खरें होतें; पण साक्ष खोटी होती. दुःखानें व्याकुळ झालेलें मन जी पहिली खूण मिळेल ती धरतें. जेकबच्या प्रकरणांतही असें झालें. एका निरपराध मनुष्याविषयीं अधिकाऱ्यांस संशय आला. २०१० सालीं त्याची जागा खणून पाहण्यांत आली, आणि त्याच्यावरील संशय उघडपणें बोलला गेला. त्या जमिनींत कांहीं नव्हतें. तरी खऱ्या गुन्हेगारानें तोंड उघडीपर्यंत त्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेखालीं राहावें लागलें.

खेड्यांत हें किती लवकर घडतें! मूल दिसेनासें झालें कीं परगांवचा फेरीवाला, वेडसर भिकारी, नाहीं तर पालांत राहणारा गरीब मनुष्य लोकांच्या हातीं सांपडतो, आणि चौकशीपूर्वींच शिक्षा होते. ख्रिस्ती मनुष्यानें अशा जमावांत पाऊल घालूं नये. आपल्या प्रभूस जमावाच्या ओरडीवरूनच मरणदंड झाला, हें आपण कसें विसरूं? मुलाचें ऐकणें व जमावाचें न ऐकणें हीं दोन्हीं कर्तव्यें एकाच न्यायाचीं आहेत. मुलाचें ऐका, अधिकाऱ्यांस कळवा, पुरावा जपा, आणि निवाडा ज्यांचा त्यांवर सोंपवा.

चवथा बोध : कबुली निराळी व पश्चात्ताप निराळा

आतां कोणी म्हणेल कीं, अखेरीस त्या मनुष्यानें कबूल केलें, एवढें पुरे. त्याच्या अंतःकरणाचा न्याय आम्ही करीत नाहीं. तो देव करील. परंतु शिकण्यासारखें जें आहे तें सांगितलें पाहिजे. ही कबुली ठरावाची होती. तिच्या मोबदल्यांत त्याजवर खुनाचा खटला भरावयाचा नाहीं, असें ठरलें होतें, आणि मुलगा सांपडावा म्हणून आईबापांनीं त्यास संमति दिली. २०१६ च्या नोव्हेंबरांत त्यास निंद्य चित्रांच्या गुन्ह्याबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. एक अस्थि घरीं यावी म्हणून त्या आईबापांनीं न्यायाचा केवढा वांटा सोडून दिला, हें ज्यास लेंकरें आहेत त्यासच कळेल.

खरा पश्चात्ताप कसा असतो तें उत्पत्तीच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायांत पाहा. ज्या यहूदानें योसेफास विकण्याची मसलत दिली होती, तोच यहूदा आतां बन्यामिनाऐवजीं आपण गुलाम होऊन राहण्यास पुढें होतो, कारण बापाचें दुःख त्यास दुसऱ्यांदा पाहवत नाहीं. त्यास कोणीं सूट देऊं केली नव्हती. पापी जेव्हां आपल्या सुटकेचा भाव न करितां दुखावलेल्याचें दुःख आपल्या अंगावर घेतो, तेव्हां आपण त्यास पश्चात्ताप म्हणावें. हें वाचणाऱ्यांत जर कोणी असा असेल कीं ज्याच्या जुन्या पापामुळें दुसऱ्याच्या घरीं आजही रडें चाललें आहे, तर आम्ही त्यास हात जोडून सांगतों : अटकेची वाट पाहूं नको. देवाजवळ जा, आणि ज्यांस सांगावयाचें त्यांस आजच सांग. देवाची क्षमा खऱ्या पश्चात्तापी मनुष्यास मोफत मिळते. पण ती सत्यास बगल देऊन मिळत नाहीं.

शेवटचा बोध : दारांतील दिवा

म्हाताऱ्या याकोबास त्याचा योसेफ जिवंत मिळाला. वेटरलिंग कुटुंबास जेकब तसा मिळाला नाहीं. त्यांच्यासाठीं असंख्य लोकांनीं प्रार्थना केल्या होत्या. मग असें कां झालें, ह्याचें सोपें उत्तर कोणी देऊं लागला तर त्यास थांबवा. ज्या घरांतून लेंकरूं गेलें आहे तेथें जाऊन देवाची इच्छा म्हणून झालें असें चटकन् सांगणाऱ्या उपदेशकानें याकोबाकडे पाहावें. सर्व मुलगे व मुली समजावण्यास आले तरी त्यानें सांत्वन घेतलें नाहीं. आणि शास्त्रानें त्याजबद्दल त्यास दोष दिलेला नाहीं. अशा घरीं थोडें बोलावें, पुष्कळ बसावें, आणि वर्षानंतरही जावें. पहिल्या आठवड्यांत सर्वच येतात. दहाव्या वर्षीं कोण येतो, ह्यावरून मंडळी ओळखावी.

परंतु तो दिवा व्यर्थ जळला असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच्या उजेडानें जेकब घरीं आला नाहीं. तरी त्याच्या नांवाच्या कायद्यानें व त्याच्या आईबापांच्या श्रमांनीं दुसऱ्यांच्या लेंकरांस आधार मिळाला. २०१६ सालीं ती दुःखाची बातमी कळली तेव्हां मिनेसोटांतील पुष्कळ लोकांनीं आपल्या दारचे दिवे पुन्हा लाविले. आतां ते वाट दाखविण्यासाठीं नव्हते, आठवण ठेवण्यासाठीं होते. आठवण ठेवणें हीही सेवा आहे. पाप करणारा लोकांच्या विसरण्यावर भरवसा ठेवून जगतो; देवाच्या लोकांनीं विसरूं नये.

आणि आपला देव तरी कसा आहे? एक मेंढरूं कमी भरलें तर नव्व्याण्णव सोडून शोधावयास निघणारा, असें प्रभूनें लूकच्या पंधराव्या अध्यायांत शिकविलें. ज्या पित्याचा स्वतःचा पुत्र वधस्तंभावर मारला गेला, त्यास हरवलेल्या मुलाच्या आईचें रडें परकें नाहीं. कुरणांतील मातीखालीं २६ वर्षें पडलेलें लेंकरूं मनुष्यांस हरवलेलें होतें. त्यास तें एक दिवसही हरवलेलें नव्हतें.

तर येत्या रविवारीं उपासनेच्या वेळीं, ज्यांचीं मुलें घरीं परत आलीं नाहींत अशा सर्व आईबापांसाठीं प्रत्येक मंडळीनें प्रार्थना करावी. आणि घरीं गेल्यावर प्रत्येकानें आपल्या मुलांस जवळ बसवून त्यांचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. जो प्रभु लेंकरांस आपणाकडे बोलावितो तो ह्या कामीं आपणांस शहाणपण व धैर्य देवो. आमेन.